केशरच्या घरचं जेवण

राजापेठ, अमरावती
ता. २९ मे १९६२

प्रिय केशर,

ओमप्रकाशचं लग्न झालं, पाहुणे गेले, मांडवाचे बांबूसुद्धा काल उतरवले. घर इतकं शांत झालंय की कपाळातली ठणक मोजता येते. शेवटचा मुलगा उजवला, आता आपली सुटी, असं वाटायला हवं होतं. नुसता थकवा आहे.

तू न सांगता का गेलीस? पंगत उठल्यावर मी तुला घरभर शोधलं. माझी नणंद माणिकबाई म्हणाली, "ते तं कवाचीच गेली. टांगा केला अन् ठेसनावर." तुझ्यासाठी काढलेलं लुगडं कपाटात तसंच आहे. नारायणपेठी आहे, जांभळं. शाळेत सिस्टर ॲग्नेस त्या रंगाचा पडदा वेदीवर घालायच्या आणि आपण दोघी म्हणायचो, याचं परकर-पोलकं किती छान होईल. तू विसरली असशील. मला हल्ली कालचं आठवत नाही, पण तो पडदा आठवतो.

माझं रडगाणं थोडं सांगते. डोकं रोज दुखतं. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदूची सुरुवात आहे, चष्मा दिलाय. दाराच्या चौकटी खांद्याला लागतात. लग्नात मी इतक्या जणींना धक्के दिले की सुनेच्या माहेरचे म्हणाले असतील, विहीणबाई भारी रागीट. बांगड्या भरायला देवराव कासार आला होता. दरवेळचं माप माझ्या हातात जाईना. मी म्हटलं, चरबी वाढली. तो माझा पंजा दाबून बघत म्हणाला, "बाई, चरबी असती तं दबली असती. हे हाड हाये. या वयात हाड कसं काय वाढते व?" सगळ्या हसल्या. लग्नाची अंगठी तर सोनाराकडून कापून काढावी लागली. पायांत यांच्या चपला घालते. हे म्हणतात, "आता माह्या कोटावर डोया ठेवू नको म्हंजे झालं."

लवकर लिही. देवमनभाऊंना नमस्कार.

तुझी
इंदू


अकोला
ता. ११ जून १९६२

सौ. इंदूबाई यांस,
सप्रेम जयभीम.

आपलं पत्र पोचलं. चि. ओमप्रकाश व सूनबाईंना आशीर्वाद सांगावेत. लुगडं पाठवू नये.

न सांगता का गेले असं आपण विचारलंत, म्हणून लिहिते. पंगतीत मला शेवटच्या पानावर बसवलं होतं, खांबाशी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कुणीतरी शेवटी बसणारच. वरण, भात, भाजी वाढप्यांनी वाढली. लाडू मात्र आपण स्वतःच्या हाताने वाढत होतात, प्रत्येकीला नाव घेऊन, आग्रह करून. माझ्या अलीकडच्या बाईला आपण दोन लाडू वाढलेत आणि वळलात. मला वाटलं, गर्दीत राहिलं असेल. दुसऱ्या फेरीला आपण पुन्हा आलात, पुन्हा तिथूनच वळलात. मी "इंदू" अशी हाकही मारली. बँड वाजत होता. समोरच्या ओळीतल्या बायका माझ्या रिकाम्या द्रोणाकडे बघत होत्या आणि मग एकमेकींकडे.

मी वरणभात संपवला. माझी पत्रावळ मी स्वतः उचलली. ती सवय मला लहानपणापासून आहे.

आम्ही बौद्ध होऊन आता सहा वर्षं होतील. मला वाटत होतं, निदान तुमच्या अंगणात तरी मी केशर नर्स म्हणून बसेन. एवढंच.

आपली
केशर


राजापेठ, अमरावती
ता. १६ जून १९६२

केशर,

"आपण"? मला "आपण"? पन्नास वर्षांत तू मला गाढव म्हटलंस, माकड म्हटलंस, आणि आता आपण.

मी तुला पाहिलं नाही. हे वाक्य किती खोटं वाटतं ते मला कळतंय. पाच हातांवर माझी मैत्रीण बसलेली, मी दोनदा तिच्यापर्यंत गेले आणि पाहिलं नाही, यावर कोण विश्वास ठेवील? मी तरी ठेवला नसता. पण तेच खरं आहे. मला ती ओळ खांबाच्या अलीकडे संपलेली दिसली. तिथे पान होतं, त्या पानावर तू होतीस, हे मी तुझ्या पत्रात पहिल्यांदा वाचलं. मी रडले, तर हे म्हणाले, "आता काहून रडून राह्यली? लगन तं झालं."

माझं कुठे लक्ष नसतं हल्ली, हेच खरं. परवा नवी सून हळूच म्हणाली, "आई, सुपातली फुलं राहिली." आमच्याकडे पहाटे फुलांचे हार होतात, ते अजून मीच ओवते. बघते तर सुपातली मधली फुलं संपलेली आणि दोन्ही कडांना ढीग तसाच. रोज असंच होतं म्हणे. ती बिचारी माझ्या मागे गुपचूप ओवून टाकायची. माळ्याची मुलगी मी, मला फुलं दिसेनात. रस्त्यातही तसंच. सायकलवाला एकदम समोर उगवतो, जणू जमिनीतून.

म्हातारपण आलंय, दुसरं काय. पण तू असं समजू नकोस. लुगडं मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

इंदू


अकोला
ता. २० जून १९६२

इंदू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने. दुसऱ्यांदा सुपातल्या फुलांपाशी थांबले. तिसऱ्यांदा तुझं मे महिन्याचं पत्र शेजारी ठेवून वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी एकतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात काढली. कासाराला कळलं ते मला कळायला हवं होतं. लग्नात तुला पाहिलं तेव्हा तुझा चेहरा जाड दिसला, जबडा पुढे आल्यासारखा, आवाजही घोगरा. मला वाटलं, श्रीमंतीचा असेल. रागावलेल्या माणसाला काही नीट दिसत नाही.

आता सांगते तसं कर. हसू नकोस. भगवंतरावांना तुझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसव. तू त्यांच्या नाकाकडे बघायचं, नजर हलवायची नाही. त्यांनी दोन्ही हात आडवे पसरायचे आणि बोटं हलवत हलवत हळूहळू तुझ्या तोंडासमोर आणायचे. बोटं कुठे आली की तुला दिसतात, ते मला कळव. एक डोळा झाकून कर, मग दुसरा.

चष्म्याने आणि मोतीबिंदूने असं होत नाही. मोतीबिंदूत सगळंच धूसर होतं. मधलं दिसतं आणि दोन्ही कडा जातात, त्याला वेगळं कारण असतं. ते मी पत्रात लिहिणार नाही. नागपूरला जा, मोठ्या दवाखान्यात. हाड वाढलंय हेसुद्धा तिथे सांग, अंगठीचंही सांग. कासाराने सांगितलं असं सांगायला लाजू नकोस.

मी तुला "आपण" लिहिलं, ते परत घेते.

केशर


राजापेठ, अमरावती
ता. ९ जुलै १९६२

प्रिय केशर,

आधी तुझी परीक्षा. यांना समोर बसवलं. हे म्हणाले, "चाळीस वर्सं झाली लग्नाले, इतक्या वेळ तं तू माह्या तोंडाकडं कधी पाह्यलं नाही." मी म्हटलं, नाकाकडे बघतेय, तोंडाकडे नाही. मग हात पसरून बोटं हलवायला लागले. मी म्हणाले, हलवा ना. हे म्हणाले, "हलवून तं राह्यलो!" बोटं जवळ आणता आणता त्यांच्या कानांशी आली, तेव्हा मला दिसली. यांचं हसणं तिथेच थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मग उठून नागपूरच्या गाडीची चौकशी करायला गेले.

नागपूरला कवटीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगतात. मेंदूच्या खाली, डोळ्यांच्या मागे हाडाची लहानशी खोबण असते, तिच्यात हरभऱ्याएवढी ग्रंथी. माझा हरभरा लिंबाएवढा झालाय. हाडं वाढतात ती त्याच्यामुळे, आणि डोळ्यांच्या नसा खालून दाबल्या जातात म्हणून दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं. मी विचारलं, पंगतीत शेवटचं पान दिसणार नाही, असं होईल का? ते म्हणाले, बाई, पानच काय, पानावरचं माणूस दिसणार नाही.

केशर, मला किती हलकं वाटलं! एवढा भयंकर रोग सांगितला आणि मी मनात म्हणत होते, सुटले. माझी चूक नव्हती. मी तर तुला पाठवायची म्हणून डॉक्टरांकडून तशी चिठ्ठीच लिहून घेतली, सोबत आहे.

पुढचं मात्र सोपं नाही. मुंबईला नेऊन कपाळाचं हाड उघडायचं, मेंदू जरासा उचलून धरायचा आणि खालची गाठ काढायची. तरुण माणसाला धोका आहेच. साठीच्या घरातल्या बाईला कितीतरी जास्त. डॉक्टर स्पष्ट बोलले. दहांतली दोन-तीन परत येत नाहीत. केलं नाही, तर वर्षा-दीड वर्षात अंधार. त्यानंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

माणिकबाई म्हणते, "एवढ्या वयात डोस्कं फोडून घ्याचं? जे दिसते ते पुरे झालं." यांना एकच सलतं, डोकं भादरावं लागणार. "मी जिता असून?" म्हणाले, आणि तिकडे तोंड करून बसले.

तुझी
इंदू


अकोला
ता. १३ जुलै १९६२

प्रिय इंदू,

चिठ्ठी वाचली. मला माफ कर. मी तुझ्यावर जो आळ घेतला तो मला आयुष्यभर पुरेल. नर्स होते मी, तुझी परीक्षा आधी करायची आणि मग रागवायचं, तर उलटं केलं.

मुंबईला जा. भगवंतरावांना सांग, केस तीन महिन्यांत परत येतात, डोळे येत नाहीत. आमचे हे म्हणतात, "भगवंतरावले म्हना, तुमीबी भादरून घ्या, जोडी शोभून दिसंन." कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यापासून यांना दुसऱ्यांच्या घरची चिंता फार.

आता नवी औषधं निघाली आहेत, शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर ती देतात, पूर्वीसारखं नाही. मी तुला खोटा धीर देत नाही. दहांतली दोन-तीन जातात हे खरं. पण सात-आठ येतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची नजर परत येते.

तू लवकर ठरव. नसा फार दिवस दाबलेल्या राहिल्या की मग गाठ काढूनही उपयोग नसतो.

तुझी
केशर


राजापेठ, अमरावती
ता. २ ऑगस्ट १९६२

प्रिय केशर,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही. ठरवत होते. आधी ठरवलं, नाही जायचं. खरंच थकले आहे गं. मुलं उजवली, अचलपूरकडची संत्र्याची बाग ओमप्रकाश बघतो. अंधार झाला तर सून हाताला धरून नेईल. पुष्कळ म्हाताऱ्या असंच करतात.

पण तुझं ते "मला माफ कर" उशाशी येऊन बसलंय. दिवसभर मी जाते तिकडे येतं. ते मी घेऊ शकत नाही. मुंबईहून परत आले नाही तर ते माझ्याबरोबर जाईल आणि तू इकडे उगाच अपराधी म्हणून जगशील. म्हणून लिहिते.

लग्नानंतर मी अकोल्याला वर्षातून दोन-तीनदा तरी आले, बहिणीकडे, बाजाराला, कधी नुसती तुला भेटायला. दरवेळी तुझ्याकडे आले. आणि दरवेळी माझा उपास होता. सोमवार, नाहीतर एकादशी, नाहीतर चतुर्थी. चहा मला सोसत नाही असं मीच तुला सांगितलं. मला चहा चांगला सोसतो. घरी दिवसातून चारदा घेते.

मी वार बघून यायची, केशर. बहिणीला लिहायची, सोमवारी येते.

तुला शाळेतला तो श्रावण आठवतो? चॅपेलच्या मागे कडुनिंबाखाली तू डबा उघडला होतास. तुझ्या आईने अंबाडीची भाजी दिली होती, वरून लसणाची फोडणी. तुझे वडील शाळेचे चौकीदार, माझे वडील वेदीसाठी फुलं देणारे, सिस्टर ॲग्नेसना दोघी सारख्याच. मी अर्धी भाकर खाल्ली. नऊ वर्षांची होते. आमच्याकडे श्रावणात लसूण बंद. घरी गेले, आईने तोंडाचा वास घेतला. "कोनाच्या घरचं खाल्लं व? खरं सांग!" विहिरीवर नेऊन राखेने माझं तोंड घासलं. ओठ फुटेपर्यंत. तुला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, पडले म्हणून.

आई जाऊन तीस वर्षं झाली. तिची राख कधीच धुतली गेली होती. तरी मी वार बघत राहिले. कुणी मला सांगितलं नव्हतं. हे तर एकदा म्हणाले होते, "तिच्या घरी काहून नाही जेवत?" मी म्हटलं, उपास आहे.

पंगतीतलं रोगाचं होतं. उपास माझे होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ते बसत नाहीत.

इंदू


अकोला
ता. ६ ऑगस्ट १९६२

इंदू,

मला माहीत होतं.

पहिल्या दोन वेळा नाही, तिसऱ्या वेळेपासून. तू संत्री आणायचीस तुमच्या बागेतली, आणि माझ्या घरात बसून स्वतःच सोलून खायचीस. मी केळं दिलं तर घ्यायचीस. भाजलेल्या शेंगा घ्यायचीस. ज्याला साल आहे ते चालायचं. दवाखान्यात इतक्या बायका पाहिल्या, मला काय कळत नाही?

तरी दरवेळी तू येणार म्हटलं की मी दोन भाकरी जास्त टाकायची. आज खाईल, असं प्रत्येक वेळी वाटायचं. तू गेलीस की हे ताट ओढून बसायचे आणि म्हणायचे, "तुह्या मैतरनीचा उपास मले लय पचते." मी हसायची. कधी कधी नाही हसायची.

म्हणूनच पंगतीतलं मला इतकं पटकन खरं वाटलं. ते एकटं आलं असतं तर मीसुद्धा म्हटलं असतं, गर्दीत राहिलं. पण त्याच्या मागे चाळीस वर्षांचे सोमवार होते.

तू लिहिलंस ते बरं झालं. पण पोस्टाने माफी द्यायची मला सवय नाही. इथे यायचं आणि जेवायचं. त्यासाठी आधी मुंबईला जायचं. मुंबईची गाडी बडनेऱ्याहून निघाली की अकोल्यावरूनच जाते. दिवस कळव, फलाटावर येईन. डबा आणणार नाही. गाडीतलं खाणं मी मोजणार नाही. घरी, पाटावर बसून.

आता पुन्हा थकले म्हणू नकोस. थकलेली मीही आहे.

केशर


मुंबई
ता. १६ सप्टेंबर १९६२

प्रिय केशर,

उद्या आहे. सकाळी न्हावी येऊन गेला. नर्सला मी आरसा मागितला, ती नाही म्हणाली, मी म्हटलं, बाई, मला आता तसाही मधलाच भाग दिसतो. तेव्हा हसली.

तू फलाटावर रिकाम्या हाताने उभी होतीस, पदर खोचून, जणू वॉर्डात आहेस. मला खिडकीतून फक्त तू दिसत होतीस, आजूबाजूचं काही नाही. या रोगाचं एवढं एक बरं. गाडी सुटल्यावर हे म्हणाले, "काहून व, मैतरीन डबा घेऊन नाही आली?" मी सांगितलं, आपला उपास आहे. हे काही समजले नाहीत. मग भुसावळपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. श्रावणापासून. तेव्हा म्हणाले, "इतके दिवस मी समजलो, तुले देवाचं लय येड हाये."

इथले सर्जन वयस्क आहेत, फार बोलत नाहीत. माझे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले. म्हणाले, हे हात आता पूर्वीसारखे होणार नाहीत, हाड मागे जात नाही. डोळ्यांचं बघू.

जांभळं लुगडं सुनेच्या ताब्यात आहे. परत आले नाही तरी ते तुझंच.

इंदू


मुंबई
ता. २५ सप्टेंबर १९६२

केशरबाई यांस भगवंतचा नमस्कार.

ऑपरेशन १७ तारखेला, सोमवारी झालं. सात तास लागले. चार दिवस सौ. शुद्धीवर नव्हती, पाचव्या दिवशी डोळे उघडले. मला ओळखते, पण मध्येच मला बापू म्हणते, ते तिचे वडील. ताप आहे. लघवी फार होते, तहान लागते. डॉक्टर म्हणतात, हे अपेक्षित होतं. रोज इंजेक्शनं चालू आहेत. काल मी तिच्यासमोर बसून तुमच्या सांगण्याप्रमाणे हात पसरले. बोटं कानांच्या बरीच पलीकडे असताना ती म्हणाली, "हलवून राह्यले नं." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो.

पुढचं कळवीन.

भगवंत


राजापेठ, अमरावती
ता. २१ जानेवारी १९६३

प्रिय केशर,

परवा तुझ्याकडून आले ती दोन दिवस झोपूनच होते. अकोल्याचा एवढा प्रवाससुद्धा आता पेलत नाही. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. डोक्यावर काट्यासारखे केस आलेत, पांढरे, सून म्हणते सशासारखे दिसतात. डाव्या बाजूचं अजून थोडं कमी दिसतं. पण सुपातली फुलं दोन्ही कडांपर्यंत संपतात. कापलेली अंगठी यांनी चीनच्या लढाईसाठी संरक्षण निधीत देऊन टाकली. ती बोटात पुन्हा जाणार नव्हतीच.

मला तुला एक सांगायचं आहे. तिथे सांगायचं धैर्य झालं नाही. तू किती वेळ चुलीशी होतीस ते मी बघत होते. पाटावर बसवलंस, पाट मधोमध, शेवटी नाही. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, आणि लोखंडी पळीत तेल तापवून त्यात लसूण लाल केलास आणि माझ्या ताटातच वरून ओतलास. चर्र आवाज आला. धूर निघाला. मी सगळं पाहिलं, कडेपर्यंत.

मला वास आला नाही, केशर. मुंबईहून आल्यापासून कशाचाच येत नाही. मेंदू उचलताना वासाच्या नसा तुटतात, सर्जननी नंतर सांगितलं. शेवंतीचा नाही, चहाचा नाही, पावडरीचा नाही. भाजी आंबट लागली, मिरची तिखट लागली, मीठ बरोबर होतं. लसूण मात्र नव्हता. मी दोनदा वाढून घेतलं, दोन्ही वेळा शोधला.

तू विचारलंस, कशी झाली? मी म्हटलं, शाळेतल्यासारखी. ते खोटं होतं. तुझ्या घरात आणखी एक खोटं ठेवून यायचं नव्हतं, म्हणून लिहिते. नऊ वर्षांची होते तेव्हा त्या वासाने मला पकडून दिलं. त्यानंतर पन्नास वर्षं मी तो टाळला. आणि गेले तेव्हा नाकच गेलेलं.

तरी मी जेवले. एवढं धर.

वास कसा होता, ते तू मला लिहून पाठवशील?

तुझी
इंदू


अकोला
ता. २५ जानेवारी १९६३

प्रिय इंदू,

मला तेव्हाच शंका आली होती. धूर तुझ्या तोंडावर गेला आणि तू शिंकली नाहीस. आमचे हे तर अंगणात खोकत होते. पण तू ताट पुसून खाल्लंस, मग मी काय बोलणार? माझी माफी तुला त्या दिवशीच मिळाली. पोस्टाने पाठवत नाही, आठवण करून देते.

वास लिहायचा मी प्रयत्न करते. सिस्टर ॲग्नेसनी निबंध शिकवला, पण असा विषय कधी दिला नाही.

तेल जवसाचं होतं, घाण्याचं. तापताना त्याला आधी नव्या पोत्यासारखा वास येतो. मग लसूण पडला की तो वास बाजूला सरतो आणि कच्च्या लसणाचा उग्र वास उठतो, डोळ्यांत जाणारा. तो क्षणभरच. पाकळीच्या कडा तांबूस झाल्या की उग्रपणा जातो आणि गोडसर होतो, भाजलेल्या शेंगांच्या जवळचा. तिथे पळी उतरवायची, नाहीतर जळतो. मग अंबाडीवर पडलं की खालून आंबट वाफ येते, ओल्या मातीसारखी, आणि दोन्ही मिसळतात. माझी आई तेव्हा हातरुमालात लसूण वेगळा बांधून द्यायची नाही, भाजीतच असायचा, म्हणून डब्याच्या पत्र्यालाही तोच वास होता. तुझ्या बोटांना दिवसभर राहिला होता. वहीला लागला होता. तू वर्गात बोटं हुंगत होतीस आणि सिस्टरनी तुला उभं केलं होतं. ते तू विसरलीस, मी नाही.

काल हे ताटावर बसून म्हणाले, "आता तुही मैतरीन जेवाले लागली, म्या कोनाच्या उपासाची भाकर खाऊ?" मी म्हटलं, तुमची तुम्ही टाका.

तब्येत सांभाळ, गोळी चुकवू नकोस. उन्हाळ्यात प्रवास करू नकोस. पाऊस पडून अंबाडी आली की ये.

श्रावणात ये. सोमवारी.

तुझी
केशर